स्वयंपाकघराच्या दारानं

दिव्यानीनं जानेवारीत गेलेल्या तिच्या आजोबांच्या स्मरणिकेची कच्ची प्रत पाठवली त्या दुपारी मी कूलरच्या ताट्या बदलत होते. मार्च लागला की चंद्रपुरात हे काम टाळता येत नाही. जुन्या ताटीतलं गवत वर्षभराच्या कोळशाच्या धुळीनं काळं झालेलं असतं, ते उपसताना नखांत जातं आणि आंघोळ केली तरी दोन दिवस निघत नाही. हात पुसून पाकीट फोडलं. वर सोबतची चिठ्ठी होती, ‘आजी, तुमचा लेख पहिला घेतलाय, बाकी एकदा नजरेखालून घाला.’ मी पानं उलटत गेले. गुणवंतराव उप्पलवार बल्लारपूरच्या बांबू डेपोत, गुणवंतराव नागभीडच्या धानगिरणीच्या उद्घाटनाला, गुणवंतराव कुठल्याशा मंत्र्याच्या शेजारी, अवघडलेले. अकराव्या पानावर मात्र माणूस नव्हता. नुसतं एक दार होतं. बुटकं, सागाच्या फळ्यांचं, धुरानं काळवंडलेलं. कोसमवेलीच्या आमच्या आश्रमशाळेच्या स्वयंपाकघराचं दार. खाली छापलं होतं, ‘याच दाराने ते सदैव शाळेत येत. समोरच्या पायऱ्या त्यांनी एक्कावन्न वर्षांत एकदाही चढल्या नाहीत. आधी लेकरांच्या ताटात काय आहे ते पाहायचे, मग बाकीची शाळा. मोठेपणा असा वाकून आत येतो.’ मी ते दोनदा वाचलं. मग तशीच ओल्या जमिनीवर बसले. इतक्या वर्षांत मी समजत होते की हे कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

लक्षात आलं होतं, फक्त अर्थ दुसरा लागला होता. आणि तो अर्थ इतका चांगला होता की मलाही क्षणभर खरा वाटला. कारण ते खरंच झाकण उचलून पाहत. पळी घालून डाळ ढवळायची, पळी वर उचलून धार पाहायची, आणि स्वयंपाकिणीला म्हणायचं, ‘बाई, ह्या डाळीत तोंड दिसून राह्यलं माह्यं.’ सगळ्या आश्रमशाळांतून लेकरं पळून जात, आमच्या शाळेतून कमी पळाली, त्याला कारण माझं शिकवणं नव्हतं, डाळ होती. ते समोरून आले असते तर आधी ऑफिसात बसले असते, चहा झाला असता, आणि डाळ कधीच पाहिली गेली नसती. पण ते समोरून येत नसत ते डाळीसाठी नव्हे. त्यांना समोरून येण्याची बंदी होती. आणि बंदी त्यांना नव्हती खरं तर. माझी होती.

मी बावीस वर्षांची होते. वडील नागभीडला रेल्वेत पॉइंट्समन, घरी धानाच्या दोन बांध्या, एवढीच शेती, आणि मी डी.एड. झालेली, गावातली पहिली. गुणवंतराव तेव्हा चाळिशीचे. जंगलातून बांबू काढायचा ठेका त्यांच्याकडे, आणि कोसमवेलीच्या बायामाणसांनी तो तोडायचा, त्यांनी ठरवलेल्या भावानं. तिथे शाळा काढावी असं त्यांना का वाटलं हे मला कधीच नीट कळलं नाही. विचारलं तर म्हणत, ‘डोकं फिरलं, बस.’ शाळा म्हणजे कुडाच्या भिंती आणि वर कवेलू, समोर चिखल. मला येऊन तीन आठवडे झाले होते, माडिया भाषेतले चार शब्द येत होते, आणि जिल्ह्याचा साहेब तपासणीला येणार होता. दाराशी पायऱ्या हव्यात असं माझ्या डोक्यात बसलं. गाव त्या दिवशी रिकामं होतं, सगळे दुसऱ्या गावच्या सणाला गेलेले. ट्रक घेऊन लटारू आला होता, त्यांचा ड्रायव्हर. मी त्याला म्हटलं, ‘त्या मोहाखाली चपटे दगड उभे आहेत बघा, ओळीनं. तयार पायऱ्याच आहेत. ते आणा.’ लटारू मूल गावाकडचा, त्यालाही काय माहीत. तो म्हणाला, ‘कोणाचे होत, बाई?’ मी म्हटलं, ‘कोणाचे असणार? जुनी हद्द असेल कसली तरी.’ आमच्याकडे शेताच्या धुऱ्यावर असे दगड असतात. सात होते. पाच निघाले, दोन फार खोल होते. संध्याकाळपर्यंत सिमेंटात बसवूनही झाले. मी त्यांच्यावर पाणी मारलं, आणि वाळल्यावर चपला घालून वर-खाली दोनदा चढून पाहिलं. त्या चढण्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. नव्या चपला होत्या, गावाहून येताना घेतलेल्या.

माणूस गेला की त्याच्या नावानं ती माणसं दगड उभा करतात. तो दगड म्हणजे ते माणूसच. दगड वाढला तर गेलेला खूश आहे, खचला तर त्याचं काहीतरी राहिलं आहे. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, लोक परत आल्यावर. कोणी ओरडलं नाही. बायका येऊन पायऱ्यांपाशी बसल्या आणि हात फिरवत राहिल्या, आजारी माणसाच्या अंगावरून फिरवावा तसा. मी आत, फळ्याच्या मागे उभी होते. तीन दिवसांनी गुणवंतराव आले. मी त्यांना सगळं सांगितलं, रडत. त्यांनी ऐकलं, टोपी काढली, घातली, आणि म्हणाले, ‘तुमी काई बोलू नका. मी आणले म्हणतो.’ मी म्हटलं, ‘पण का?’ ते म्हणाले, ‘मास्तरीण गेली त शाळा गेली. ठेकेदार त तसाबी वाईटच असते. त्याच्यावर अजून एक दगड, काय फरक पडते?’ आणि मी बोलले नाही. गावाचा गायता, म्हणजे पुजारी आणि मुखिया, म्हातारा होता, माझ्या वर्गातल्या लालसूचा आजा. पाचातला एक दगड त्याच्या बायकोचा होता. त्यानं सांगितलं, एकदा उपटलेला दगड परत उभा होत नाही. आता लेकरांना चढू द्या, नातवंडं आजा-आजीच्या मांडीवर चढतातच. पण ज्यानं उपटले त्यानं त्यावर पाय ठेवायचा नाही. मरेपर्यंत नाही. गुणवंतराव हात जोडून ‘हो’ म्हणाले, आणि तसेच शाळेला वळसा घालून मागच्या दारानं आत आले, मी बसले होते तिथे. उंच माणूस. चौकटीवर पंजा टेकवून त्यांनी मान खाली केली आणि मला विचारलं, ‘चहा-बिहा हाये का काई?’

दुसरी पायरी दरवर्षी थोडी वर येते असं मला वाटत राहिलं. जमीन खचत असेल. मी सुट्टीहून परत आले की आधी त्या पायरीला करंगळी लावून पाहायची. कोणाचा दगड होता तो, मी कधी विचारलं नाही. पहिली पाच-सहा वर्षं वर्गाला जागा पुरत नव्हती तेव्हा मी मुलांना त्या पायऱ्यांवरच बसवून शिकवत असे, आणि आठ वर्षांचा लालसू न सांगता नेहमी तिसरीवर बसे. एक्याऐंशी साली मला नागपूरच्या सरकारी शाळेत नेमणुकीचा कागद आला. आई अंथरुणाला खिळली होती, नागभीडहून नागपूर गाडीनं जाता-येता आलं असतं. मी राजीनामा घेऊन बल्लारपूरच्या डेपोत गेले. बांबूच्या मोळ्या उतरवल्या जात होत्या, जमीन थरथरत होती. गुणवंतरावांनी कागद वाचला, घडी घालून परत दिला. म्हणाले, ‘जा ना. कोण अडवून राह्यलं? फक्त पोट्ट्याईले तुमी स्वतः सांगून जा. मी नाई सांगणार. त्या पायऱ्यावर उभ्या राहून सांगा, का बा, मी चालली.’ मी कोसमवेलीला गेले. पायऱ्यांवर उभी राहिले. मुलं खाली रांगेत. मग मी त्यांना प्रार्थना म्हणायला सांगितली आणि ट्रंक परत खाटेखाली सरकवली. आई त्याच वर्षी गेली, मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पुढं वर्तमानपत्रांत माझ्या त्यागावर लेख आले, दोन सत्कार झाले, शाली पेटीत आहेत. त्यांनी मला वाचवलं की विकत घेतलं, हे मी चाळीस-पंचेचाळीस वर्षं उलटसुलट करून पाहिलं. व्यापारी माणूस होता. माल कुठे अडतो हे त्याला ठाऊक होतं. पण स्वतः वाकून आत येत राहणं, ही किंमत कुठला व्यापारी देतो? दोन्ही खरं असेल. या वयात दोन्ही एकदम खरं धरून बसायला दमायला होतं.

स्मरणिका टेबलावर ठेवून मी दुसरी ताटी बसवत होते, तेवढ्यात फोन वाजला. लालसू. आता तोच गावचा गायता, साठीचा.

‘बाई, बऱ्या हात का?’

‘आहे. तू?’

‘मी बी हावो. बाई, एक काम होतं. शेटजीचा कार्यक्रम हाये न अठरा तारखेले, त्याच्या पयले गावाची बैठक हाये. गावानं त्याईच्या नावानं दगड उभा करावा, असं आमच्या पोराईचं म्हणणं हाये. दगड आणला बी पहाडावरून. पण म्हातारे आडून बसले. ज्यानं आमचे दगड उपटले त्याले दगड कायचा? मी म्हटलं, बाई तवा तिथी होत्या. त्याईले विचारू. शेटजीनं ते जाणून केलं का चुकीनं केलं?’

हातातली ताटी मी भिंतीला टेकवली.

‘चुकीनं असन त दगड उभा होईन. जाणून असन त नाई. तुमी येऊन चार माणसात सांगा, बस.’

‘येते,’ म्हटलं, आणि फोन ठेवला. कूलर सुरू केला. नव्या गवताचा ओला वास खोलीभर झाला. किती सोपं करून दिलं होतं त्यानं. चुकीनं. एवढा एकच शब्द सांगायचा, आणि तो शब्द खोटा नव्हता. त्यांना दगड मिळाला असता, मला पायऱ्या राहिल्या असत्या. दिव्यानीनं मला दिवा हातात घेऊन त्या पायऱ्यांवरून सगळ्यांच्या पुढं न्यायचं ठरवलं होतं. तीन दिवस मी तो शब्द तोंडात घोळवत राहिले, आणि तिसऱ्या दिवशी तो मला सुपारीच्या चोथ्यासारखा वाटायला लागला.

सतरा तारखेला पहाटे दिव्यानी गाडी घेऊन आली. गुणवंतरावांची नात, आता सगळ्या शाळा-कॉलेजं तीच बघते. आजोबांसारखीच उंच. आलापल्लीपर्यंत ती फोनवर होती, मंडप, खुर्च्या, साहेबांचं जेवण. मग जंगल दाट झालं, रेंज गेली, आणि ती माझ्याकडे वळली.

‘आजी, अकरावं पान पाहिलंत? ते वाक्य माझं आहे.’

‘पाहिलं.’

‘मी लहान असताना त्यांच्याबरोबर आले होते एकदा. मी समोरून पळाले, ते मागून आले. मी विचारलं, आबा, तुम्ही इकडून का? म्हणाले, तुले पायऱ्या, मले डाळ.’ ती हसली, आणि मग डोळे पुसले. ‘जानेवारीपासून असंच होतंय मला. कुठेही.’

रस्त्याकडेला पळस पेटला होता, आणि मोहाखाली बाया टोपल्या घेऊन वाकलेल्या. मी खिडकीची काच खाली केली. मोहाचा तो गोड, आंबूस वास. त्या वासात माझी सगळी उमर गेली, आणि तरी तो मला अजून परक्याच्या घरातला वाटतो.

बैठक त्याच मोहाखाली होती. सोमारी मला घ्यायला आली, शाळेची आताची मुख्याध्यापिका, माझ्याच हाताखाली शिकलेली. माझा हात धरून तिनं मला खुर्चीवर बसवलं. म्हातारे जमिनीवर बसले होते, म्हणून मीही खाली बसले, गुडघे कुरकुरले. जुने दोन दगड अजून तिथे होते, शेवाळलेले. त्यांच्या बाजूनं पुढे नव्या दगडांची ओळ गेली होती, पण मधल्या पाच जागा तशाच मोकळ्या सोडल्या होत्या. एक्कावन्न वर्षं कोणी त्या भरल्या नव्हत्या. गुणवंतरावांचा दगड पानांवर आडवा ठेवला होता, उताणा. उभं करायचं की नाही ते ठरायचं होतं. बायांनी फुलं वेचणं थांबवलं नाही, त्या फक्त जवळ सरकल्या.

लालसूनं आधी माडियात सांगितलं, मग मला. ‘सांगा बाई. जाणून का चुकीनं?’

मी म्हटलं, ‘त्यांनी केलंच नाही. दगड मी काढायला लावले. लटारूला मी सांगितलं. शेटजी त्या दिवशी इथे नव्हतेच.’

दिव्यानी उभी होती, ती एका झाडाला टेकली. सोमारीला मी सांगितलेलं गावाला माडियात सांगायचं होतं, पण ती माझ्याकडे वाकली. हळूच म्हणाली, ‘बाई, हे सांगू?’

‘सांग.’

तिला सांगायला बराच वेळ लागला. माझं बोलणं एवढंसं होतं, ते तिच्या तोंडून लांबत गेलं. मी कोणाचे चेहरे पाहिले नाहीत, त्या आडव्या दगडाकडे पाहत राहिले, त्याच्यावरून मुंग्यांची एक रांग चालली होती. मग एक म्हातारी काहीतरी बोलली आणि दोघीतिघी हसल्या. सोमारी म्हणाली, ‘म्हणते, ठेकेदाराचा डोळा बांबूवर असते, दगडावर कायले जाईन? मले तवाच समजाले पाह्यजे होतं.’

लालसू हसला नाही. तो जमिनीवर काडीनं रेघा ओढत होता.

‘तुमी आमाले त्या पायऱ्यावर बसवून बाराखडी शिकवली, बाई.’

‘हो.’

‘मी तिसरीवर बसो. माह्या आजीवर.’

‘हो. मला माहीत होतं.’

‘तुमी चपला घालून चढत होत्या.’

‘हो.’

‘अन् त्या माणसाले आमी...’ तो थांबला. काडी मोडली. ‘बोलल्या काऊन नाई?’

‘भीती वाटली. तुम्ही हाकलून द्याल.’

त्यानं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. राग असता तर मला बरं वाटलं असतं. ‘हाकललं नसतं, बाई. मागच्या दारानं आल्या असत्या. अजून काय?’

अजून काय. अजून काहीच नाही. मी नागपूरला जाऊ शकले असते, किंवा इथेच राहिले असते, पण माझ्या मनानं राहिले असते. आईजवळ जाऊ शकले असते. एका बुटक्या दाराची शिक्षा होती, आणि ती चुकवायला मी सगळं आयुष्य पुढच्या दारात उभी राहिले. म्हातारे आपसात बोलत होते. बराच वेळ बोलत होते. मग चौघांनी उठून आडवा दगड एका कडेनं उचलला, खड्डा आधीच खणलेला होता, आणि तो मधल्या मोकळ्या जागेत नाही, ओळीच्या शेवटी, उभा केला. त्यांनी मातीत पाय मारून तो घट्ट केला. एवढंच.

लालसू मला म्हणाला, ‘उद्या त्याईले समोरून नेऊ. फोटो मी नेतो.’

‘आणि मी?’ मी विचारलं.

‘तुमचं तुमाले माहीत,’ तो म्हणाला, आणि हात झटकून गेला.

त्या दिवशी दिव्यानी माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मंडपात पाहुणे जमत होते तेव्हा ती माझ्या शेजारी येऊन बसली. स्मरणिकांचे गठ्ठे टेबलावर होते.

‘छापून झालंय, आजी. पाचशे प्रती.’

‘असू दे.’

‘म्हणजे आबा डाळ बघायला यायचे नाहीत?’

‘बघायचेच. दार ते होतं म्हणून बघायचे.’

तिनं गठ्ठ्यातली एक प्रत काढून चाळली. मग म्हणाली, ‘पहिल्याच पानावर तुमचा लेख आहे. तो तुम्हीच पुन्हा लिहून द्या. मी वेगळा छापून आत घालीन.’ तिचा आवाज कोरडा होता. पण तिनं माझ्या हातातला दिवा काढून घेतला तेव्हा हळू काढून घेतला.

ढोल सुरू झाले. लालसूनं चपला काढल्या, धोतर वर खोचलं, आणि गुणवंतरावांचा हार घातलेला फोटो छातीशी धरून तो पहिल्या पायरीवर चढला. दुसरी. तिसरीवर तो थांबला. पाहुण्यांना वाटलं फोटो काढून घ्यायला थांबला, दोघातिघांनी मोबाइल वर केले. मग चौथी, पाचवी, आणि तो आत गेला. फोटोतले गुणवंतराव टोपी घालून समोर बघत होते, पहिल्यांदाच घरी आल्यासारखे. मागून सोमारी, दिव्यानी, मुलांची रांग. कोणीतरी मला हात दिला, ‘चला बाई.’ मी नको म्हटलं.

शाळेला वळसा घालून जायला मला वेळ लागला. मागं चूल पेटलेली होती, डोळ्यांत धूर गेला. बुटकं दार उघडंच होतं. चौकटीवर, उजव्या बाजूला, लाकडात एक गुळगुळीत काळा डाग होता, पंजाएवढा, तेलानं आणि घामानं झालेला. मी हात वर करून पंजा त्यावर ठेवला. माझ्या पंजाभोवती डाग उरला. मला त्या दारातून आत यायला वाकावंही लागलं नाही.

स्वयंपाकीण भाताकडे बघत होती, तिनं वळून पाहिलं. ‘बाई, तुमी इकडून?’

‘हो,’ मी म्हटलं. पुढच्या खोलीत टाळ्या वाजत होत्या. मी पदरानं धरून डाळीवरचं झाकण उचललं, पळी बुडवली आणि वर उचलून धार पाहिली.

डाळ पातळ होती.